नोत्र दाम विद्यापीठ: इतिहास आणि वास्तुकलेचे शिक्षण

प्रश्न: माझ्या भाचीला वास्तुकला शिकायची असून, तिने अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम या खासगी कॅथलिक विद्यापीठाचा विचार चालवला आहे. संस्थेची पार्श्वभूमी कोणी सांगेल का?

उत्तर १: होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू एडवर्ड सोरिन यांनी 1842 मध्ये ही संस्था स्थापन केली. 23 एप्रिल 1879 रोजी मुख्य इमारत आगीत भस्मसात झाली, तेव्हा सोरिन साठी उलटलेले होते. तरीही त्यांनी पुनर्बांधणीचा ध्यास घेतला आणि आवारातल्या तळ्यांच्या मातीपासून भाजलेल्या फिकट पिवळ्या विटांची नवी वास्तू त्याच वर्षी उभी राहिली. आज तिच्या सोनेरी घुमटावर मारियामातेची मूर्ती आहे. ही जिद्द मला फार मोलाची वाटते. मुलींना पदवीसाठी प्रवेश मात्र 1972 पासून मिळू लागला. फार उशीरच झाला म्हणायचा.

उत्तर २: वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा आहे. तिसरे वर्ष रोममध्ये काढावे लागते, जिथे विद्यार्थी जुन्या इमारतींसमोर बसून हाताने रेखाटने करतात. अभिजात शैलीवर भर असल्याने, केवळ आधुनिक रचनांची ओढ असेल तर भाचीने नीट विचार करावा. धर्मशास्त्र व तत्त्वज्ञान सर्वांनाच शिकावे लागते. प्रवेशाला कॅथलिक असण्याची अट नाही.