वेळासला दोन रात्री ठेवा
कोकणात समुद्र आणि मासळी सोडली तर वन्यजीव काही दिसत नाहीत, हे मत मला अजिबात पटलं नाही. मार्चमध्ये हरिहरेश्वर करून बागमांडल्याला जा, फेरीबोटीने गाडीसकट वेसवीला उतरा. तिथून वेळास हे किनाऱ्यावरचं गाव जवळच. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची घरटी जपण्याचं काम तिथे २००२ पासून चालू आहे, राहायची-जेवायची सोय गावकऱ्यांच्याच घरी.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी घरट्यावर झाकलेल्या टोपलीखाली काहीच नव्हतं. सकाळी मात्र सात पिल्लं! दोन बोटांएवढं एक पिल्लू ओल्या वाळूवर नक्षी काढत निघालं, लाटेने उलटं मागे फेकलं, तरी परत पाण्याकडेच. म्हणून एका मुक्कामावर भागवू नका. आणि फ्लॅश नको, कृपा करून.