तो सात आला कुठून? (पहिल्या वर्षाचे गणिताचे तास)

कोरी_वही:
पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे, विषय गणित. सर हुशार आहेत, वेळेवर येतात, अक्षर मोत्यासारखं. तरी तास संपला की डोक्यात काही उरत नाही.

कालचंच सांगते. एक्स ३ कडे जाताना एक्सच्या वर्गाचं लिमिट ९, हे एप्सिलॉन-डेल्टाने सिद्ध करायचं होतं, म्हणजे वर्ग ९ पासून एप्सिलॉनपेक्षा कमी अंतरावर राहायला एक्स ३ च्या किती जवळ (ते अंतर डेल्टा) हवा ते दाखवायचं. सरांनी पहिलीच ओळ लिहिली: "डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ७ यांतली लहान संख्या घेऊ." घेऊ काय! सात कुठून आला? पुढच्या चार ओळींत सगळं जुळलं, शेवटी प्रूफ संपल्याचा चौकोन काढला, फळा पुसला. मागून एकाने विचारलं तर म्हणाले, "घरी बघा, येईल लक्षात."

घरी बघितलं. प्रत्येक ओळ बरोबर आहे हे कळतं, ती सुचली कशी ते नाही. गृहपाठात वर्गाच्या जागी घन आला आणि मी ठप्प. सगळीकडे असंच शिकवतात का? "अभ्यास वाढव" एवढं मात्र सांगू नका, तो चालूच आहे.

खडूचा_तुकडा:
आधी सातचं बघू. एक्स वर्ग वजा ९ चे अवयव पाड: (एक्स − ३) आणि (एक्स + ३). पहिला डेल्टाच्या मुठीत आहे, दुसऱ्याला आवर घालायचाय. एक्सला ३ पासून १ पेक्षा कमी अंतरावर ठेवलं तर तो २ आणि ४ च्या मध्ये राहतो, म्हणजे एक्स + ३ हा ७ च्या आतच. म्हणून तो १ आणि म्हणून भागिले ७. १ ऐवजी २ घेतलास तर ७ च्या जागी ८ येईल, प्रूफ तितकंच बरोबर.

हा कच्चा हिशोब शेवटाकडून सुरुवातीकडे होतो, आणि पक्कं लिहिताना क्रम उलटा करतात. तुझे सर पक्कं तेवढंच फळ्यावर उतरवतात. मीही शिकवतो, म्हणून सांगतो: पोर्शन मागे पडला की पहिली काट याच कच्च्या कामावर बसते. वाईट सवय आहे.

घनासाठी ३७ येतो का बघ.

शेवटचा_बाक:
सगळं सरांवर ढकलू नका हो. उद्या त्यांनी गटात बसवून तुम्हालाच प्रूफ शोधायला लावलं, तर "सर शिकवतच नाहीत" म्हणून पुन्हा इथेच रडाल. हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर केलेला अभ्यास २०१९ साली छापून आला. स्वतः प्रश्न सोडवायला लावलेली मुलं चाचणीत पुढे होती, पण आपण जास्त शिकलो असं वाटत होतं ते छान लेक्चर ऐकलेल्यांना.

कोरी_वही:
३७ आला! एक्स वर्ग + ३ एक्स + ९, एक्स ४ च्या आत, म्हणजे १६ + १२ + ९.

@शेवटचा_बाक, गटात बसवा की, कोण नाही म्हणतंय? माझी तक्रार त्या पुसलेल्या पाच मिनिटांची आहे. तेवढ्यात एक अवयव पाडून झाला असता.

खडूचा_तुकडा:
मग तेवढंच माग. "समजलं नाही" म्हटलं की आम्ही तेच प्रूफ आणखी मोठ्या आवाजात वाचतो. "सर, सात कसा निवडला?" असं विचारलंस तर कच्चं काम दाखवावंच लागतं. तासाला जमलं नाही तर नंतर केबिनमध्ये गाठ.

कोरी_वही:
विचारते. जाता जाता एक: १ भागिले एक्स, एक्स १ कडे जाताना. इथेही आधी १ चं अंतर घेतलं तर चालेल ना?

खडूचा_तुकडा:
नाही. एक्स शून्याच्या हवा तितका जवळ जाईल आणि तो भाजकात आहे. अर्धा घे.