अमेरिकेतल्या स्थानिक सार्वजनिक टीव्ही स्टेशनांना सरकारने तातडीचा निधी द्यावा का?

वाटसरू:

जुलै 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने सार्वजनिक टीव्ही आणि रेडिओसाठी आधीच मंजूर केलेला दोन वर्षांचा निधी परत घेतला. रक्कम सुमारे 110 कोटी डॉलर. सिनेटमध्ये 51 विरुद्ध 48, प्रतिनिधिगृहात 216 विरुद्ध 213, आणि 24 जुलैला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही. हा पैसा वाटणारी संस्था, कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग, 1967 च्या कायद्याने उभी राहिली होती. सहीनंतर आठवडाभराने तिने काम आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं आणि जानेवारी 2026 मध्ये संचालक मंडळाने तिच्या विसर्जनाचा निर्णय घेतला.

आपल्या लोकांत एक गैरसमज कायम ऐकतो, की पीबीएस, म्हणजे सार्वजनिक टीव्हीचं देशभरचं जाळं, हे एक मोठं सरकारी चॅनेल आहे. तसं ते नाही. देशभरात तीनशेहून जास्त स्थानिक स्टेशनं आहेत. कुणी विद्यापीठाचं, कुणी राज्याचं, कुणी गावातल्या मंडळींनी चालवलेलं. पीबीएसला बरेचसे पैसे ही स्टेशनंच देतात. केंद्राच्या निधीतला 70 टक्क्यांहून जास्त वाटा थेट स्थानिक टीव्ही आणि रेडिओ स्टेशनांकडे जायचा. म्हणजे कुऱ्हाड वॉशिंग्टनच्या नावाने उगारली गेली, पण घाव बसला तो गावातल्या स्टेशनांवर.

आम्ही डोंगराळ भागातल्या एका छोट्या गावात राहतो. दोन हिवाळ्यांपूर्वी बर्फाच्या वादळात इंटरनेट गेलं, मग मोबाईलही गेला. शेजाऱ्यांकडे जनरेटर होता, म्हणून आम्ही चार घरं त्यांच्या दिवाणखान्यात जमलो. छपरावरच्या जुन्या अँटेनावर एकच चॅनेल धड दिसत होतं, ते आमचं सार्वजनिक स्टेशन. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत होती: कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत ऊब आणि जेवणाची सोय. माझ्या आईला इंग्रजी फारसं येत नाही, पण तिने आमच्या गावाचं नाव ओळखलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. आम्ही त्या शाळेत गेलो.

म्हणून माझं मत सरळ आहे. केंद्राने किंवा राज्यांनी या स्टेशनांना तातडीचा निधी द्यावा, आणि वेळेत द्यावा. एखादं स्टेशन सलग 12 महिने बंद राहिलं तर कायद्याने त्याचा प्रक्षेपणाचा परवाना संपतो, दूरसंचार आयोगाने खास सवलत दिली तरच तो वाचतो. नंतर कितीही पैसे आले तरी गेलेला परवाना सहज परत मिळत नाही.

हिशेबनीस:

तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ‘तातडीचा’ हा शब्द जरा तपासून बघा. 2020 मध्ये महामारीच्या मदतीत याच व्यवस्थेला 7.5 कोटी डॉलर मिळाले, 2021 मध्ये आणखी 17.5 कोटी. ती आणीबाणी होती, ते मी मान्य करतो. आता परिस्थिती वेगळी आहे. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने विचार करून, मतदान घेऊन निधी बंद केला आहे. तोच निधी ‘तातडीची मदत’ म्हणून मागच्या दाराने परत आणणं म्हणजे मतदानाला काही अर्थच न ठेवणं.

दुसरं, 1967 मध्ये बहुतेक घरांत तीन-चार चॅनेलं दिसायची. मुलांसाठी चांगलं काही हवं तर सरकारने पदरमोड करणं समजण्यासारखं होतं. आज सेसमी स्ट्रीट या मुलांच्या कार्यक्रमाचे नवे भाग नेटफ्लिक्सवर येतात, त्याआधी बरीच वर्षं ते आधी एचबीओ या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर दिसायचे आणि काही महिन्यांनी पीबीएसवर. जे बाजारात विकलं जातं त्याचा बोजा करदात्याने का उचलावा?

आणि ज्याला या स्टेशनांच्या बातम्या एकतर्फी वाटतात, त्याच्याही खिशातून हा पैसा जातो. त्याच्या मताला काहीच किंमत नाही का? मी स्वतः आमच्या स्टेशनला दरवर्षी वर्गणी देतो आणि देत राहीन. पण ती माझी इच्छा आहे, शेजाऱ्यावर सक्ती नाही.

माजी तंत्रज्ञ:

मी बावीस वर्षं ट्रान्समीटरवर काम केलं, त्यातली बरीचशी सार्वजनिक स्टेशनांसाठी. पैसा नेमका कुठे जातो ते सांगतो, कारण चर्चा कायम कार्यक्रमांवरच अडकते.

डोंगराच्या माथ्यावर एक खोली असते. आत कपाटाएवढा ट्रान्समीटर, त्याचे पंखे रात्रंदिवस घोंघावत असतात. बाहेर मनोरा आणि त्यावरचे तांबडे दिवे. दिवा गेला आणि अर्ध्या तासात दुरुस्त झाला नाही, तर विमान वाहतूक खात्याला कळवावं लागतं. हिवाळ्यात मनोऱ्याच्या ताणाच्या तारांवर बर्फ धरतं आणि ऊन पडलं की मांडीएवढे तुकडे खाली येतात. एकदा अशा तुकड्याने खोलीचं छप्पर फोडलं, तेव्हा मी आत होतो. वीज, डिझेल, जागेचं भाडं, विमा, सुटे भाग. प्रेक्षक दहा हजार असोत की दहा लाख, हा खर्च कमी होत नाही. उलट डोंगरी मुलुखात एका मनोऱ्याने भागत नाही. दरीदरीत लहरी पुढे पाठवणारे पुनर्प्रक्षेपक बसवावे लागतात.

इथे वर्गणीचं गणित कोसळतं. बॉस्टन किंवा न्यूयॉर्कच्या स्टेशनला केंद्राकडून रक्कम मोठी मिळायची, पण त्यांच्या एकूण खर्चात ती थोडी. लहान स्टेशनाला रक्कम लहान मिळायची, पण तिच्यावरच घर चालायचं. शिवाय जाहिराती घ्यायची मुभा नाही. प्रायोजकाचं नाव सांगता येतं, ‘या, घ्या, इतकी सूट’ असं म्हणता येत नाही. धंदा करू द्यायचा नाही आणि निधीही द्यायचा नाही, मग त्यांनी जगायचं कसं?

आणखी एक, जे फार कुणाला माहीत नसतं. आपल्या मोबाईलवर कर्कश आवाज करत येणारा धोक्याचा इशारा मोबाईल कंपन्यांकडे इंटरनेटवरून जातो. ती वाट तुटली तर दुसरी वाट म्हणून सार्वजनिक टीव्हीचे ट्रान्समीटर तोच संदेश आपल्या लहरींमधून पाठवत असतात. तो संदेश पडद्यावर दिसत नाही, म्हणून त्याची कुणाला किंमत नाही. वाटसरूंच्या वादळातल्यासारखी वेळ आली तर त्याच दुसऱ्या वाटेचा आधार असतो.

सांजवेळ:

मी बातमीदारी केली आहे आणि मी या निधीच्या विरोधात आहे, पण हिशेबनीस यांच्या कारणासाठी नाही. मला करदात्याच्या खिशापेक्षा बातमीदाराच्या मानेवरच्या हाताची काळजी वाटते.

1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन सार्वजनिक टीव्हीवरच्या राजकीय कार्यक्रमांवर नाराज होते. त्यांनी कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंगच्या दोन वर्षांच्या निधीच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला. त्या धड्यानंतर, 1975 च्या कायद्याने, निधी काही वर्षं आधीच मंजूर करून ठेवायची पद्धत आली, म्हणजे आज कार्यक्रम आवडला नाही म्हणून उद्या पैसे अडवता येऊ नयेत. पन्नास वर्षं ती भिंत टिकली. 2025 मध्ये आधी मंजूर झालेले पैसेच परत घेतले गेले आणि ती भिंत गेली.

आता या उघड्यावर तुम्ही तातडीचा निधी मागता. म्हणजे दर वर्षी, कदाचित दर सहा महिन्यांनी, स्टेशनच्या व्यवस्थापकाने हात पसरून उभं राहायचं. कारण सांगायचं, नाराजी होणार नाही हे बघायचं. याच लढाईत साउथ डकोटाच्या एका सिनेटरनी आदिवासी भागांतल्या रेडिओ स्टेशनांसाठी दुसऱ्या खात्यातून काही पैसे वळवण्याचं आश्वासन मिळवलं आणि मग निधी परत घेण्याच्या विधेयकाच्या बाजूने मत दिलं. त्या स्टेशनांना पैसे हवेच होते, मी त्यांना दोष देत नाही. पण हक्काच्या निधीची जागा मेहेरबानीने घेतली. ज्याच्या मेहेरबानीवर पगार होतो, त्याच्याविरुद्धची बातमी आपोआप मवाळ होते. कुणी फोन करून धमकावावंही लागत नाही. मी स्वतः अशा एका खोलीत बसलो आहे, जिथे जिल्ह्याच्या कंत्राटांची बातमी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून तीन वेळा मागे ठेवली गेली, कारण त्याच आठवड्यात अनुदानाची फाइल वर होती. ती बातमी कधीच लागली नाही. स्टेशनचं नाव सांगणार नाही. ती माणसं वाईट नव्हती.

वाटसरू:

सांजवेळ, तुमची भीती मला मान्य आहे. पण स्टेशनच बंद पडलं तर बातमी मागे ठेवायलाही कुणी उरत नाही.

हिशेबनीस, परत घेतलेल्या निधीतले दर वर्षाचे 53.5 कोटी डॉलर माणशी काढले तर दीड डॉलरच्या थोडं वर जातात. ब्रिटनमध्ये 2025-26 साली टीव्ही बघण्याचा परवाना घराला वर्षाला 174.50 पौंड पडायचा. सक्तीचा मुद्दा तत्त्वाचा आहे हे कळतं, पण ओझं किती आहे तेही समोर असावं.

आणि लोकांची मालमत्ता सरकारने कशी वापरली तेही पाहा. 2017 मध्ये संपलेल्या प्रक्षेपणाच्या लहरींच्या (स्पेक्ट्रमच्या) लिलावात न्यू जर्सीने आपल्या दोन सार्वजनिक टीव्ही स्टेशनांच्या लहरी सोडून सुमारे 33.2 कोटी डॉलर मिळवले. त्यातला बहुतेक पैसा राज्याच्या तिजोरीत गेला, स्थानिक बातम्यांसाठी उभारलेल्या निधीला त्या मानाने फारच थोडं आलं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये त्याच राज्याचं सार्वजनिक चॅनेल चालवणाऱ्या न्यूयॉर्कच्या संस्थेने जाहीर केलं, की जून 2026 नंतर आम्ही हे चालवणार नाही. घरचं सोनं मोडून आलेला पैसा हाताशी असता तर ही पाळी आली असती का? हे परत देणं आहे, उपकार नाही.

हिशेबनीस:

न्यू जर्सीचा मुद्दा बिनतोड आहे. तो पैसा स्टेशनांच्या नावाने कायम ठेवीत ठेवायला हवा होता.

तंत्रज्ञांचंही मी परत परत वाचलं. धोक्याचा इशारा हे सरकारचं काम आहे, त्यावर माझा आक्षेप असूच शकत नाही. मग असं करा. आपत्ती व्यवस्थापन खात्याने मनोरे, ट्रान्समीटर आणि जनरेटर वापरण्याचं रीतसर भाडं द्यावं. दहा वर्षांचा करार, ठरलेला दर, ठरलेलं काम. दिवा चालू आहे की नाही, डिझेल भरलेलं आहे की नाही, हे तपासता येतं. कार्यक्रमांसाठी मात्र एक पैसाही नको. ते वर्गणीवर चालावेत. यात सांजवेळ यांची चिंताही मिटते, कारण मनोऱ्याच्या भाड्याचा बातमीशी संबंध उरत नाही.

रानवाट:

मी शिक्षिका आहे. ‘मनोऱ्याला द्या, कार्यक्रमाला नको’ हे ऐकायला ठीक वाटतं, पण नुसता मनोरा कुणी बघत नाही.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा लॉस एंजलिसच्या शाळा प्रशासनाने तिथल्या सार्वजनिक टीव्ही स्टेशनांबरोबर धडे दाखवायला सुरुवात केली, इयत्तेप्रमाणे वेळापत्रक लावून. कारण हजारो मुलांच्या घरी इंटरनेट नव्हतं, टीव्ही होता. हे आठवड्याभरात उभं राहिलं, कारण कार्यक्रम निवडणारी, शिक्षकांना ओळखणारी माणसं त्या स्टेशनांत पगारावर होती. मनोऱ्याच्या भाड्यावर ही माणसं राहत नाहीत.

अलास्कातल्या बेथेलचं केवाययूके हे स्टेशन घ्या. टीव्ही आणि रेडिओ दोन्ही, आणि बातम्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या युपिक भाषेतही. त्यांच्या उत्पन्नाचा सुमारे 70 टक्के भाग केंद्राकडून यायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये हालाँग वादळाच्या उरल्यासुरल्या जोराने त्या किनाऱ्यावर पाणी घुसलं, किपनुक आणि क्विगिलिंगोक ही गावं उद्ध्वस्त झाली, शेकडो लोकांना विमानांनी हलवावं लागलं. अशा वेळी म्हाताऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, ओळखीच्या आवाजात कुणी सांगितलं तरच तो घर सोडतो. तो आवाज वादळाच्या दिवशी भाड्याने आणता येत नाही. तो रोजच्या साध्या कार्यक्रमांतून ओळखीचा झालेला असावा लागतो.

सांजवेळ:

रानवाट, हे वाचून गप्प बसलो होतो. माझ्याकडे याचं पुरतं उत्तर नाही. तरीही वर्षावर्षाच्या सरकारी मदतीला माझी ना आहे. एकदाच मोठी रक्कम द्यावी, ती स्वतंत्र विश्वस्तांच्या ताब्यातल्या ठेवीत जावी आणि लहान स्टेशनांनी व्याजावर माणसं पोसावीत. मग कुणाचीही मर्जी सांभाळायला नको.

देणगीदार संस्था सगळं भरून काढतील असंही मी म्हणत नाही. निधी गेल्यावर नाइट, मॅकआर्थर, फोर्ड वगैरे प्रतिष्ठानांनी मिळून डबघाईला आलेल्या स्टेशनांसाठी सुरुवातीला सुमारे 3.65 कोटी डॉलर उभे केले. गेले ते वर्षाला 53.5 कोटी. त्या दोन आकड्यांमधलं अंतर सरकारच भरू शकतं, हे मला कबूल करावंच लागेल. फक्त ते भरून त्याने बाजूला व्हावं.

हिशेबनीस:

एकरकमी ठेव, पुन्हा मागणी नाही, आणि मनोऱ्यांचं भाडं वेगळं. यावर मी माझ्या प्रतिनिधीला पत्र लिहायला तयार आहे. ‘पुन्हा मागणी नाही’ हे मात्र कायद्यात लिहिलेलं हवं.

माजी तंत्रज्ञ:

भाडं म्हणा, ठेव म्हणा, नावाशी मला देणंघेणं नाही. फक्त तारखेकडे लक्ष असू द्या. मी ज्या डोंगरावर जायचो तिथे नोव्हेंबरच्या मध्यानंतर टँकर चढत नाही. वरची टाकी ऑक्टोबरमध्येच भरून ठेवावी लागते, आणि डिझेलवाला उधारीवर देत नाही.