आदमच्या बोटांमधली फट आणि डीएनए

चित्रकार, सीताबर्डी
नमस्कार. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात सिस्टीन चॅपेलच्या छतावर रंगवलेल्या चित्रांपैकी 'आदमची निर्मिती' जनुकशास्त्राच्या अंगाने नव्याने रंगवण्याचा माझा मानस आहे. देवाचे आणि आदमचे बोट टेकता टेकता राहते, त्या फटीत डीएनएचा दुहेरी पीळ दाखवला आहे. मात्र कच्चे रेखाटन पाहून घरच्यांना पॅथॉलॉजी लॅबचे कॅलेंडर आठवले. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

निवृत्त कलाशिक्षक, महाल
घरच्यांचे बरोबर आहे. त्या चित्राचा सारा ताण रिकाम्या फटीत आहे आणि आपण नेमकी तीच बुजवत आहात. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीने १९६३ मध्ये डीएनएची रचना उलगडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांना मानवंदना म्हणून काढलेल्या चित्रात डीएनएचा रेणू एका बाजूला ठेवला, ख्रिस्ताला उचलणारा देव वेगळा रंगवला आणि त्यांचे नाते जोडण्याचे काम प्रेक्षकावर सोडले.

जीवशास्त्र शिक्षिका, धरमपेठ
आपला पीळ उजवा, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा वळणारा आहे ना, हे आधी तपासावे. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही तो सर्रास डावा छापलेला दिसतो. माझ्या मते मात्र आपण चित्रच बदलावे. त्याच छताच्या मधोमध 'हव्वेची निर्मिती' आहे : आदम झोपलेला आहे आणि त्याच्या कुशीमागून हव्वा हात जोडून बाहेर येत आहे. बायबलच्या कथेत देव हव्वेला आदमच्या बरगडीपासून घडवतो; त्या बरगडीच्या पेशीत आदमचेच एक एक्स आणि एक वाय गुणसूत्र असणार. त्यामुळे स्त्री घडवायची तर वाय वगळून त्याच एक्सची दुसरी प्रत घालावी लागेल. अशी हव्वा आदमची जुळी बहीण असती त्याहूनही त्याच्या जवळची ठरते, कारण सख्ख्या बहीण-भावांत सरासरी निम्मीच जनुके सामायिक असतात आणि हिच्याकडे त्याच्याबाहेरचे एकही जनुक नाही. तेव्हा रेणू काढूच नये, दोघांना एकच चेहरा द्यावा.

चित्रकार, सीताबर्डी
पीळ डावाच निघाला! चेहऱ्याची कल्पना पटली. परंतु एकच चेहरा पाहून लोकांना ती चित्रकाराची उणीव वाटली तर?

जीवशास्त्र शिक्षिका, धरमपेठ
नाक, कानाची पाळी, हनुवटीवरची खळी अशी ठळक लक्षणे दोघांत हुबेहूब ठेवावीत, म्हणजे ती चूक वाटणार नाही. जाता जाता आणखी एक गंमत : मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकाचा) डीएनए आपल्याला आईकडून मिळतो, या कथेत मात्र आईकडचा तो वारसाही पुरुषाच्या बरगडीतून सुरू होतो.

निवृत्त कलाशिक्षक, महाल
आदम झोपलेला आहे, हे विसरू नये. एकाच चेहऱ्याचे मिटलेले आणि उघडे डोळे आपल्याला रंगवायचे आहेत; आधी कोळशाने दोन्ही चेहरे शेजारी शेजारी काढून पाहावेत.