चित्र तेच, रकाने वाढले

कुणीतरी म्हटलंय की बहुभाषी चित्रकोशांत अवजारं सुटीसुटी मांडलेली असतात. नंतरच्या कोशांत असेलही, पण शिक्षणतज्ज्ञ कोमेनियसच्या 'ऑर्बिस पिक्टस' या मुलांच्या सचित्र पाठ्यपुस्तकात (न्यूरेंबर्ग, १६५८) तसं नाही. तिथे शेतीचा अख्खा देखावाच आहे. नांगर आणि कुळव एकाच चौकटीत, ऋतूंची फिकीर न करता! नांगऱ्याच्या डाव्या हातात रुमणं (नांगराची मूठ), उजव्या हातात ढेकळं काढायची काठी, खाली फाळ. प्रत्येक वस्तूला आकडा, आणि तोच आकडा मजकुरात लॅटिन व जर्मन दोन्ही रकान्यांत.

ही काष्ठचित्रं, म्हणजे लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं आहेत, हे महत्त्वाचं. रेघा उठावात ठेवलेला ठोकळा खिळ्यांच्या (छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) शेजारी बसवून मजकुरासकट एकदमच छापता येतो. तांब्याच्या पत्र्यावरच्या खोदचित्राला वेगळं दाबयंत्र लागतं. ठोकळ्यावरचे आकडे अर्थातच उलटे कोरावे लागत. पण एकदा ते काम उरकलं की नवी भाषा घालायला फक्त खिळे जुळवायचे. १६६६ मध्ये चार भाषांची आवृत्ती निघाली, इटालियन आणि फ्रेंचची भर घालून.

अवजारांचं बारीक जोडकाम बघायचं असेल तर मात्र ताम्रचित्रंच शोधा. लाकडातली रेघ जाड येते.