प्रति: बाजारात मांस तेवढंच येतंय म्हणजे शिकार झेपतेय का?
वर कोणीतरी लिहिलंय की बाजारात येणाऱ्या जंगली मांसाचं वजन वर्षानुवर्षं तेवढंच असेल तर शिकार झेपतेय, म्हणजे तिच्यामुळे प्राणी कमी होत नाहीयेत, असं समजायला हरकत नाही. डेटा बघूनच ठरवावं हे शंभर टक्के मान्य, पण हा एकच आकडा धरून चालणं मला खरंच धोक्याचं वाटतं. घानातल्या ताकोराडी शहरातल्या बुशमीटच्या, म्हणजे जंगली प्राण्यांच्या मांसाच्या, बाजाराचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला होता, तिथली विक्री टिकाऊ दिसत होती पण कारण काय तर सावकाश वीण असणारे प्राणी आधीच संपत आले होते आणि विकायला उरले होते ते मुख्यतः भराभर वाढणारे उंदीरवर्गीय प्राणी आणि छोटी हरणं, जी शेतांच्या आसपासही तग धरतात. म्हणजे जे गमवायचं ते मोजणी सुरू व्हायच्या आधीच गेलेलं!

त्यामुळे वजनासोबत निदान दोन गोष्टी नोंदवाच, प्राणी कुठला आणि तो किती खटपटीने मिळाला. तेवढंच मांस आणायला शिकारी आधी एक दिवस फिरत होता आणि आता तीन दिवस फिरतोय, जास्त लांब जातोय, दुप्पट फासे लावतोय, तर प्राणी कमी होतायत हे बाजाराच्या कितीतरी आधी तिथे कळतं. ही नोंद शिकार करणाऱ्यांनी स्वतःच ठेवली तर सगळ्यात उत्तम, पण तीच वही उद्या त्यांच्यावर कारवाई करायला वापरणार असतील तर त्यात खरं कोण लिहील?