सिअर्स टॉवरच्या १०३व्या मजल्यावर गेलेल्यांनो, लिहा!

इंद्रायणीकाठ

काल रात्री पुण्याहून भाच्याचा फोन आला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला उंच इमारती घेतल्यात. "मावशी, तुम्ही सगळे शिकागोत सिअर्स टॉवरवर गेला होतात ना? फोटो असतील तर पाठव." फोटो शोधायला बसले आणि तासभर हललेच नाही.

माझे सासरे, अण्णा, पीडब्ल्यूडीतून निवृत्त झाले. हयात गेली पूल, मोऱ्या आणि घाटातल्या संरक्षक भिंती बांधण्यात. आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना वर घेऊन गेलो. लिफ्ट मिनिटभरात १०३व्या मजल्यावर, कानाला दडे बसतात. दार उघडलं की सगळे काचेकडे धावतात, कारण पलीकडे ४१२ मीटर खाली शहर आणि समुद्रासारखं मिशिगन सरोवर. अण्णा काचेपर्यंत गेले, पण त्यांची नजर बाहेर नव्हती, खाली होती. या बाजूने त्या बाजूला, परत या बाजूला. मला वाटलं चक्कर येतेय की काय. तर म्हणाले, "सूनबाई, ही एक इमारत नाहीच. नऊ आहेत."

मग त्यांनी मला काचेशी उभं करून दाखवलं. पूर्वेला पाहिलं की खाली एक सपाट गच्ची दिसते, ती ९०व्या मजल्याची. पश्चिमेच्या कोपऱ्यांतून पाहिलं की आणखी कितीतरी खाली, एकीकडे ५०व्या आणि दुसरीकडे ६६व्या मजल्याच्या गच्च्या. प्रत्येकी ७५ फूट रुंदीच्या नऊ चौकोनी नळ्या एकमेकींना चिकटवून उभ्या केल्यात. दोन ५०व्या मजल्यावर थांबतात, दोन ६६व्या, तीन ९०व्या, आणि फक्त दोनच शेवटपर्यंत जातात. खांब सगळे नळ्यांच्या कडेला, दर १५ फुटांवर, आत मोकळी जागा. एकटी नळी वाऱ्याने वाकेल, नऊ बांधलेल्या वाकत नाहीत. अण्णांनी हे हातवारे करून इतकं छान समजावलं की शेजारचं एक गुजराती कुटुंबही ऐकत उभं राहिलं.

आणि हे ज्याच्या डोक्यातून आलं तो माणूस ढाक्याचा! फजलुर रहमान खान. जन्म १९२९. शिक्षण कोलकात्याजवळच्या शिबपूरला आणि ढाक्याला. १९५२ साली शिष्यवृत्तीवर इलिनॉयला आला आणि तीन वर्षांत दोन एमएस आणि एक पीएचडी करून बसला. खाली जॅक्सन आणि फ्रँकलिन रस्त्यांच्या चौकात त्याच्या नावाची पाटी आहे. अण्णांनी त्या पाटीखाली फोटो काढून घेतला. वरचा एकही नको म्हणाले.

रोज हजारो माणसं वर जातात, भिंतीबाहेर काढलेल्या काचेच्या खोक्यांत उभं राहून उड्या मारतात, आणि हे नाव ऐकलेलंही नसतं. मला ते खरंच लागतं. वर गेलेल्यांनी लिहा. खानांबद्दल कुणाला जास्त ठाऊक असेल तर अगदी जरूर.

रानभेंडी

आम्हाला फक्त पांढरं दिसलं. चहूबाजूंनी ढग. खाली तिकिटाशी पाटी होती, आज काही दिसणार नाही म्हणून. पण संध्याकाळचं विमान, परत कधी येणार, म्हणून गेलो. मधेच दोन मिनिटं ढग फाटला आणि नदीवरचा एकच पूल दिसला, वर पिवळी टॅक्सी. मुलगा अजून त्या टॅक्सीबद्दल बोलतो.

घारगे_मिरज

आईला नेलेलं. काचेच्या खोक्यात पाऊल ठेवेना. बाहेरच्या बाकावर बसून राहिली आणि एकच प्रश्न, "इथवर पाणी कसं चढवत असतील रे?" आमच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही त्यामुळे रास्त प्रश्न. मला उत्तर देता आलं नाही. इथे कुणाला माहितेय का

पाणचक्की

@घारगे, टप्प्याटप्प्याने चढवतात. एका पंपाने खालून वरपर्यंत ढकललं तर खालच्या पाइपांवर भयंकर दाब येईल. बाहेरून बघताना इमारतीला आडवे काळे पट्टे दिसतात ना, ते यंत्रांचे मजले. तिथे खिडक्यांऐवजी हवेच्या जाळ्या आहेत म्हणून वेगळे दिसतात. ६६ आणि ९०च्या खालच्या पट्ट्यांमागे तर सगळ्या नळ्यांना आवळून धरणारे पोलादी ट्रस, म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे सांगाडेसुद्धा आहेत. आईंना सांगा, शंभर नंबरी प्रश्न विचारला.

घारगे_मिरज

आत्ताच फोन करून सांगितलं. म्हणाली मग बिल किती येत असेल 😄

जुना_शिकागोकर

इंद्रायणीताई, तुमच्या अण्णांना माझा नमस्कार सांगा.

मी १९७७ साली शिकायला आलो. तेव्हा ही जगातली सर्वांत उंच इमारत, ४४२ मीटर, ११० मजले. मोकळा वेळ मिळाला की आम्ही पोरं सरोवराच्या काठी जाऊन तिच्याकडे बघत बसायचो. वर जायला पैसे नसायचे. पहिला पगार झाला तेव्हा गेलो. त्या वेळी ही काचेची खोकी नव्हती, ती २००९ची. नुसत्या खिडक्या. पण चार राज्यं दिसतात म्हणतात ते खरं आहे, लख्ख दिवशी इलिनॉय, इंडियाना, विस्कॉन्सिन, मिशिगन.

१९८१च्या मेमोरियल डेला, म्हणजे मेअखेरच्या सुट्टीला, एक तरुण स्पायडरमॅनचा वेष घालून, व्हॅक्यूमचे कप वापरून बाहेरच्या भिंतीवरून चढला. डॅन गुडविन त्याचं नाव. खाली ही गर्दी. अग्निशमनवाले अडवायला बघताहेत आणि हा चढतोय. पुढे कळलं की उंच इमारतींना आग लागली तर माणसं बाहेर काढायची सोय नाही, हे दाखवायला त्याने ते केलं.

आता खानसाहेब. मी त्यांना भेटलो नाही, पण आमच्या विद्यापीठातले बंगाली विद्यार्थी त्यांचं नाव घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेत. १९७१ साली बांगलादेश पेटला तेव्हा त्यांनी शिकागोत मदतीसाठी संस्था काढली, पैसे गोळा केले, नेत्यांचे उंबरे झिजवले. त्याच काळात ऑफिसात ह्या इमारतीचं काम चालू होतं! दिवसा जगातली सर्वांत उंच इमारत आणि संध्याकाळी देशासाठी वर्गणी. १९८२ साली जेद्दाला गेले असताना अचानक वारले, वय ५२. इथे ग्रेसलँड स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. मी बायकोला घेऊन गेलो होतो. त्याच आवारात लुई सलिव्हन आणि मीस व्हान डर रोहे, म्हणजे शिकागो उभं करणारी सगळी मंडळी शेजारी शेजारी.

इंद्रायणीकाठ

काका, १९७१चं मला अजिबात माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. भाच्याला पाठवते.

चिमणराई

ती सिगारेटची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून? आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम आणि खान जेवायला बसले होते, ग्रॅहमने मूठभर सिगारेटी काढून वरखाली सरकवून धरल्या आणि विचारलं, असं चालेल का. खान म्हणाले, चालेल. अशी गोष्ट सांगतात. खालचं प्रदर्शन नीट वाचत जा लोकहो, सगळे थेट लिफ्टकडे पळतात.

बाकी मी काचेत आडवी झोपले होते. नवरा दाराशी उभा राहून नुसता "ये बाहेर, ये बाहेर" करत होता.

सोमवारपेठ

चिमणराई 😂 माझा नवरा तर गाडीतूनच उतरला नाही. कारण वेगळं, पार्किंगचा दर बघून. एवढ्या पैशांत आमच्याकडे दोन दिवस जेवण होतं. शेवटी दूर उपनगरात गाडी लावून ट्रेनने या, युनियन स्टेशन चालत थोड्याच मिनिटांवर आहे.

नंदूरबारी

२०१४ ला ते काच तडकल्याचं गाजलं होतं. आमचं बुकिंग त्याच उन्हाळ्यातलं. घरात मोठी सभा भरली जायचं का नाही. वाचून कळलं की तडकला तो वरचा संरक्षक थर, काचेचं पातळ कव्हर म्हणा. मूळ काच तीन थरांची, तिला काही झालं नव्हतं. गेलो. ती खोकी आत ओढून घेता येतात, तशीच पुसतात.

पाणचक्की

खोकी पश्चिमेलाच का आहेत हे लक्षात आलं का? इंद्रायणीताईंच्या अण्णांचंच उत्तर. वरपर्यंत जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक पश्चिमेच्या मधली. त्यामुळे तिथेच भिंत वरपासून रस्त्यापर्यंत सरळ उतरते. बाकी तिन्ही बाजूंना पायाखाली ९०व्या किंवा आणखी खालच्या मजल्याची गच्ची दिसली असती. घाबरायला होणार कसं मग?

इंद्रायणीकाठ

हे मी अण्णांना वाचून दाखवलं. "बरोबर" म्हणाले. अण्णांचं बरोबर म्हणजे डिस्टिंक्शन.

तुळशीवृंदावन

मला उंचीची भीती त्यामुळे पास. पण ज्या कंपनीने बांधली त्यांचं वाईट वाटतं. सिअर्स म्हणजे अमेरिकेत घरोघरी जाड कॅटलॉग पोचवणारी कंपनी. सुईपासून अख्ख्या लाकडी घरापर्यंत! १९०८ पासून तीसेक वर्षं त्यांनी घरंच्या घरं सुटे भाग करून रेल्वेने पाठवली, खिळ्यांसकट. शेतातला माणूस पोस्टाने घर मागवतोय. जगातली सर्वांत मोठी किरकोळ विक्रेती कंपनी होती आणि वाढत राहणार म्हणून एवढी जागा बांधून ठेवली. नव्वदच्या दशकात स्वतःच उपनगरात निघून गेली. २०१८ला दिवाळखोरी. माझ्या पहिल्या घरातलं वॉशिंग मशीन त्यांचं होतं, अठरा वर्षं धुतलं बिचाऱ्याने.

रानभेंडी

आमचं पण!! केनमोर ना?

तुळशीवृंदावन

हो हो केनमोर. आताची मशीनं पाच वर्षांत रडतात.

सोमवारपेठ

वरून लोड होणारं घेतलंत का पुढून? आमचं आत्ताच बिघडलंय, सुचवा काहीतरी

जुना_शिकागोकर

नाव २००९ साली विलिस झालं, पण टॅक्सीवाल्याला विलिस सांगितलं तर तो सिअर्स म्हणून दुरुस्त करतो. आम्हीही सिअर्सच म्हणणार.

गिरगाव_चौपाटी

आपल्या मुंबईत एवढे टॉवर झाले, वर सामान्य माणसाला तिकीट काढून जाता येईल असं किती ठिकाणी आहे? बाहेरून माना वर करून बघायचे आणि घरी यायचं. माझे पणजोबा राजाबाई टॉवरवर चढले होते असं आजी सांगायची. १८७८ साली पूर्ण झाला, ८५ मीटर, तेव्हा मुंबईत त्याहून उंच काय होतं! प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव ठेवलं. आता आपल्याला वर सोडत नाहीत. ओव्हलवर उभं राहून बघायचं.

चिमणराई

+१. राजाबाईवर वेगळा धागा काढा ना गिरगाव, आजीच्या गोष्टींसकट.

कवठीचाफा_७

शिकागोतल्याच जॉन हॅनकॉक इमारतीवर कुणी गेलंय का? तीही खान-ग्रॅहम जोडीचीच, १९६९ची. बाहेरून ते मोठ्ठे फुल्यांचे तिरके बांध दिसतात ती. मला सिअर्सपेक्षा ती जास्त आवडली. ९४व्या मजल्यावरून सरोवर अगदी पायाशी. आणि सिअर्स बघायची असेल तर सिअर्सवरून कशी दिसणार, तिथूनच दिसते :)

मी सूर्यास्ताला गेले होते. दिवे लागायला लागले की शहराचे सरळ रस्ते पश्चिमेला दूरवर सोन्याच्या रेघा ओढल्यासारखे. फिरून एक तास थांबले.

पाणचक्की

हॅनकॉक म्हणजे खानांचं माझं सर्वांत लाडकं काम. आधी उंच इमारत म्हणजे आत खांबांचं जंगल. वर जाल तसा वाऱ्यासाठी पोलादाचा खर्च वाढत जायचा. ह्यांनी वारा बाहेरच्या सालीवर घेतला. म्हणून शंभर मजली इमारतीला दर चौरस फुटाला लागणारं पोलाद एम्पायर स्टेटपेक्षा कमी. आज जगभर जे उंचच उंच टॉवर दिसतात त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी ही कल्पना कुठे ना कुठे आहे.

वऱ्हाडी_ठेचा

वर जायच्या आधी एक करा. चालत मिशिगन अव्हेन्यूवर आर्ट इन्स्टिट्यूटला जा. १८९३ला विवेकानंद बोलले ते ह्याच इमारतीत. त्याच वर्षी त्याच शिकागोत जगातला पहिला मोठा फेरिस व्हील फिरत होता, ८० मीटर उंच. म्हणजे ह्या गावाले लोकायले वर नेऊन गाव दाखवायची हौस जुनीच आहे. १८७१च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, १८८५त लोखंडी सांगाड्याची दहा मजली होम इन्शुरन्स बांधली, मग थांबलेच नाहीत.

आपल्या लोकांचंही नातं आहे बरं, बृहन्महाराष्ट्र मंडळ, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संस्था, १९८१ साली शिकागोतच स्थापन झालं.

नंदूरबारी

ठेचा भाऊ २०११चं अधिवेशन पण शिकागोलाच होतं! आम्ही होतो. तिथली पुरणपोळी आठवते.

वऱ्हाडी_ठेचा

मीही होतो!! कुठल्या हॉटेलात उतरले होते तुम्ही

बयो_रत्नांग्री

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन जातेय. बाबांचे गुडघे दुखतात. व्हीलचेअर चालते का? आणि सकाळ बरी की संध्याकाळ?

चिमणराई

चालते, वरपर्यंत लिफ्टच आहे. सकाळी उघडताच जा, सुट्टीच्या दिवशी दुपारी रांग फार. आदल्या रात्री हवामान बघ, रानभेंडीसारखं पांढरं नको. आणि जॅकेट असू दे, वर एसी गार असतो.

रानभेंडी

टॅक्सी दिसली तर माझा नमस्कार सांग 😄

इंद्रायणीकाठ

बयो, बाबांना पूर्वेच्या काचेशी आधी ने आणि खालची गच्ची दाखव. येताना जॅक्सनच्या चौकात ती पाटीही दाखव, दोन मिनिटांचं काम आहे.

बयो_रत्नांग्री

नक्की ताई. जेवायला कुठे जाऊ ते पण सांगा कुणीतरी, बाबांना पिझ्झा चालत नाही

जुना_शिकागोकर

डेव्हन अव्हेन्यू. उत्तरेला आहे, गाडीने अर्धा तास धरा. साऊथ इंडियन थाळी मिळेल, भाजी-किराणाही तिथेच घ्या. रविवारी मात्र गाडी लावायला जागा मिळत नाही.

सोमवारपेठ

वॉशिंग मशीनचं कुणी सांगितलं नाही अजून